डोंबिवलीच्या ओट्यावरचे दोन बांबू बोर्ड: एक गेला, एक टिकला

डोंबिवलीत माझ्या आत्याचा पोळीभाजीच्या डब्यांचा घरगुती व्यवसाय आहे, आत्या, दादा आणि वहिनी असे तिघं मिळून चालवतात. गेल्या वर्षी होळीच्या आसपास वहिनीने दोन बांबूचे चॉपिंग बोर्ड आणले, एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, पंधरा बाय अकरा इंच आणि पाऊण इंच जाड, एका टोकाला पकडायला लांबट भोक. गणपतीपर्यंत त्यातला एक पार कामातून गेला होता आणि दुसरा नव्यासारखा. दोन्ही बोर्ड सारखे, घर तेच, पाऊस तोच, म्हणून मला हे प्रकरण नीट लिहून काढावंसं वाटलं, कारण एरवी "बांबू चांगला की वाईट" या वादात प्रत्येक जण आपापल्या घरच्या एकाच बोर्डावरून निकाल देतो आणि तुलना करायला समोर काहीच नसतं.

मी स्वतः मॉड्युलर किचनच्या कामात आहे, सिंकखालची फुगलेली शटर्स बघणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे पाण्याने फळीचं काय होतं हे डोळ्याला सवयीचं आहे.

आधी खराब बोर्डाची अवस्था सांगतो. ओट्यावर ठेवला की कडा वर उचललेल्या आणि मधला भाग तेवढा टेकलेला, त्यामुळे कांदा कापताना बोर्ड गरकन फिरायचा, वहिनीच्या बोटाला एकदा सुरी लागलीसुद्धा. वरून स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघितलं तर मध्ये तीन-चार मिलीमीटरची फट. भोकाच्या बाजूच्या टोकाला एक चीर, जवळपास चार इंच आत गेलेली. खालच्या अंगाला काळे ठिपके, काही ठिकाणी ठिपके मिळून मोठे डाग झालेले. वास दोन प्रकारचा, एक ओल्या फडक्यासारखा कुबट आणि दुसरा खवट, जुन्या फरसाणाच्या डब्याला येतो तसा. वरच्या अंगाला हात लावला तर चिकट.

दुसरा बोर्ड सपाट, चीर नाही, हळदीचे दोन-तीन पिवळे डाग सोडले तर बघण्यासारखं काही नाही.

आता घरात तीन मतं होती. दादाचं म्हणणं, चायना माल आहे, गोंद सुटला, संपलं. वहिनीला वाटत होतं की तिचंच तेल लावणं कमी पडलं. आत्या म्हणाली, "अरे, बांबू पावसाळ्यात टिकतच नाही, उगाच पैसे घालवले, आमच्या वेळी विळी होती, तिला कसला बोर्ड लागतो?"

आत्याच्या मतापासूनच सुरुवात करतो कारण त्याला उत्तर तिच्याच घरात टांगलेलं होतं. तिची रोवळी. लग्नात आलेली, बुरुडाच्या हातची, रोज तांदूळ धुवायला वापरायची, म्हणजे रोज ओली व्हायची, आणि वर्षानुवर्षं टिकली. तोही बांबूच. मग फरक काय तर रोवळीच्या कामट्या कागदापेक्षा थोड्या जाड, विणीतून चहूबाजूंनी हवा, आणि काम झालं की खिळ्याला. पाणी लागतं पण राहत नाही. बोर्ड मात्र पाऊण इंच जाड ठोकळा आहे, आत शिरलेलं पाणी बाहेर यायला कितीतरी वेळ लागतो, आणि तोवर पुढचं धुणं आलेलं असतं. म्हणजे बांबूला पाण्याचं वावडं आहे असं सरसकट म्हणता येत नाही. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली ते ठीक आहे पण रोवळीवर कोणी कोबी चिरत नाही. बरोबर आहे.

दादाच्या चायना मालाकडे येऊ. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बोर्डांचा बांबू चीनमधल्या मोसो जातीचाच असतो हे खरं. (आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपुरात मानवेल आहे, सिंधुदुर्गात माणगा आहे जो जवळजवळ भरीव असतो, कुडाळला कोनबॅकसारखी संस्था त्यावर फर्निचर-बांधकामाचं चांगलं काम करते.) मोसो चार-पाच वर्षांचा झाला की तोडतात. बांबू म्हणजे गवत, आतून पोकळ नळी, त्यामुळे त्याची लाकडासारखी सलग फळी सहज निघत नाही. नळी उभी चिरून पट्ट्या काढायच्या, वरची हिरवी साल आणि आतला मऊ थर तासून टाकायचा, पट्ट्या उकळायच्या किंवा वाफवायच्या म्हणजे आतली साखर-स्टार्च कमी होते (ती राहिली की भुंगेरा लागतो आणि खाली पिवळी भुकटी पडत राहते), मग भट्टीत सुकवायच्या आणि गोंद लावून गरम प्रेसखाली दाबायच्या. गडद तपकिरी बोर्ड दिसतात ना, ते रंग दिलेले असतातच असं नाही, बऱ्याचदा पट्ट्यांना दाबाखाली जास्त वाफ देऊन आतली साखर करपवलेली असते, दिसायला छान पण बांबू थोडा मऊ पडतो.

तर गोंद सुटला का? हे बघायची सोपी पद्धत आहे. चिरेत वाकून बघायचं, टॉर्च मारून. आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल आणि चीर दोन पट्ट्यांच्या सांध्यावरून सरळ गेली असेल तर गोंदाने दगा दिला. आतमध्ये फाटलेले धागे दिसत असतील आणि चीर सांधा सोडून पट्टीच्या पोटात शिरली असेल तर गोंद पक्का होता, फाटला तो बांबू. आत्याच्या बोर्डात पहिला इंचभर चीर सांध्यावरून होती आणि पुढे सरळ पट्टीतून, धागे फाटलेले स्पष्ट दिसत होते. म्हणजे दादाचा आरोप फार तर चार आणे खरा. आणि तोच गोंद, तोच कारखाना, दुसऱ्या बोर्डाला काही झालं नव्हतं हे विसरून कसं चालेल?

पण बांबू फाटला का, तर त्याची घडणच तशी. सगळे धागे एकाच दिशेला, लांबीत. लाकडात आडवे किरण (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या) असतात जे थोडंफार बांधून ठेवतात, बांबूत तेही नाहीत, म्हणून तर बुरूड कोयत्याच्या एका ठोक्यात सरळ फाक काढतो. लांबीत प्रचंड ताकद, रुंदीत जवळजवळ काहीच नाही. पाणी प्यायलं की रुंदीत आणि जाडीत फुगतो, लांबीत फारसा नाही. आणि पाणी सगळ्यात भराभर कुठून शिरतं तर कापलेल्या टोकांतून, जिथे धाग्यांची आणि नळ्यांची तोंडं उघडी असतात. पकडायचं भोक म्हणजे अशीच आणखी दोन उघडी टोकं. चीर नेमकी तिथूनच सुरू झाली होती.

आता खरा तपास, बोर्ड राहायचा कुठे. हा भाग मी वहिनीला बारीकसारीक विचारला कारण तिलाही हे महत्त्वाचं वाटत नव्हतं. पहिला बोर्ड सिंकच्या शेजारी ग्रॅनाइटच्या ओट्यावर, सकाळी साडेपाचपासून कांदा, कोबी, कोथिंबीर, दर भाजीनंतर नळाखाली धरून धुवायचा, वरून फडकं मारायचं आणि परत आडवा ओट्यावर. रात्री शेवटचा धुऊन तिथेच. ग्रॅनाइट पाणी शोषत नाही, बोर्डाखाली अडकलेला पाण्याचा पातळ थर जाणार कुठे, बोर्डातच. वरची बाजू पंख्याखाली सुकायची, खालची चोवीस तास ओली. दुसरा बोर्ड जेवणाच्या टेबलाशी, त्यावर सुकं खोबरं, कोथिंबीरवडी, अळूवडीचे उंडे, फळं, संध्याकाळी धुवायचा आणि पॅसेजमध्ये खिळ्याला भोकातून टांगायचा कारण टेबलावर जागाच नव्हती. टांगण्यामागे काही शास्त्र नव्हतं, जागेची अडचण एवढंच.

एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने सुकलेली फळी वाकणारच. खालची बाजू रुंदावली, वरची नाही, म्हणून कडा वर आल्या. माझ्याकडे ओलावा मोजायचं सुयांचं मीटर असतं, ते लाकडासाठी बनवलेलं असल्यामुळे बांबूवरचा आकडा खरा धरता येत नाही, पण एकाच बोर्डाच्या दोन बाजूंची तुलना करायला चालतं, आणि खालच्या बाजूचं रीडिंग वरच्या जवळपास दुप्पट होतं. मग दोन्ही बोर्ड डब्यांच्या काट्यावर ठेवून बघितले तर खराब झालेला शंभर ग्रॅमच्या वर जड. नुसतं पाणी.

यात पावसाळ्याचा हात आहेच. कारखान्यातून बोर्ड निघतो तेव्हा त्यात साधारण ८ ते १२ टक्के ओलावा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, तेव्हा बोर्डाला हात न लावता नुसता कपाटात ठेवला तरी तो हवेतून पाणी ओढून १५ च्या पुढे जातो. त्यात रोजचं धुणं. आणि बुरशीला तेवढी ओल आणि कांद्या-कोबीचा रस मिळाला की ती येतेच, बोर्ड महाग की स्वस्त बघत नाही.

आता तेल. सगळ्यात गंमत इथे आहे. वहिनी म्हणत होती की तेल कमी पडलं, आणि निघालं असं की तेल लावलेला बोर्ड हाच, खराब झालेला! टिकलेल्या बोर्डाला तेलाचा थेंब लागला नव्हता. तिने कुठेतरी व्हिडिओ बघितला होता की दर महिन्याला तेल लावा, कोणतं ते नीट ऐकलं नाही, घरात शेंगदाण्याचं होतं ते लावलं, आणि तेही फक्त वरच्या बाजूला कारण दिसते ती बाजू तीच. आपली खायची तेलं, शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरी, ही हवेने खवट होतात आणि पातळ थराला मधेच अर्धवट वाळून चिकटपणा येतो, न पुसलेल्या कढईच्या कडेला येतो तसाच. वरून फक्त एका बाजूला तेल म्हणजे ती बाजू पाणी कमी पिणार आणि दुसरी मनसोक्त, फळी वाकायला आणखी मदत.

तेलाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. मिनरल ऑइल, म्हणजे केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन नावाने मिळतं ते (बद्धकोष्ठाचं औषध आहे, काउंटरवर मागताना जरा लाजल्यासारखं होतं), खवट होत नाही, वास नाही, चव नाही. ते पाणी अडवून धरतं अशातला भाग नाही, फक्त आत शिरायचा वेग कमी करतं. त्यात वजनाने चौथा हिस्सा मधमाशीचं मेण वितळवून घातलं की मलम होतं, ते टोकांना आणि भोकाच्या आतून चोळायला उत्तम. पण सुक्या बोर्डावर, आणि सहाही बाजूंना. ओल्या बोर्डावर मलम चोळलं तर आतलं पाणी आतच कोंडतं. हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं जवस तेल मात्र नको, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूचे क्षार घातलेले असतात.

इथपर्यंत आल्यावर दादाने वकिलासारखा मुद्दा काढला, की टेबलावरच्या बोर्डाला कामच कमी होतं, तो टिकला यात नवल काय, सिंकपाशी ठेवला असता तर तोही गेला असता. मुद्दा बिनतोड होता. काम आणि सुकणं, दोन्ही गोष्टी एकदम बदललेल्या होत्या, त्यामुळे कशाने काय झालं हे छातीठोक सांगता येत नव्हतं. मग ठरवलं की टिकलेल्या बोर्डाला सिंकच्या कामावर लावायचं, तेवढाच कांदा, तेवढंच धुणं, फक्त सुकवायची पद्धत बदलायची, आणि तेलही लावायचं नाही, म्हणजे श्रेय तेलाला जायला नको.

पद्धत अशी ठरली. धुताना दोन्ही बाजू धुवायच्या, एकच नाही, कारण एकच बाजू ओली झाली की ओढाताण तिथूनच सुरू होते. पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, साधं डिशवॉश लिक्विड, घासणी, लगेच दोन्हीकडून कोरडं फडकं. दोन भाज्यांच्या मधे आडवा न ठेवता भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटासारखा उभा, लांब कडेवर, म्हणजे दोन्ही अंगांना हवा लागते आणि टोकं पाण्यात उभी राहत नाहीत. कापतानासुद्धा खाली ओटा आधी पुसायचा. रात्री पॅसेजमधला तोच खिळा. वहिनीने याच्यात स्वतःची भर घातली, स्टँडच्या खालचा ट्रे काढून टाकला कारण त्यात कायम पाणी साठलेलं असायचं.

कडक उन्हात ठेवायचा का, हा प्रश्न आत्याचा, तिला सगळ्याचं औषध ऊन वाटतं. ओला बोर्ड भर उन्हात एका अंगावर टाकला तर वरची बाजू भसकन सुकते आणि तडकतो, लोणच्याच्या बरणीला लावतो तो न्याय इथे नाही. पण सुकलेला बोर्ड सकाळच्या उन्हात थोडा वेळ उभा ठेवायला हरकत नाही, आणि हळदीचे डाग तर उन्हानेच जातात, हळदीतला पिवळा रंग प्रकाशाने तुटतो, घासून निघत नाही तो. थंडीत ओल्या हळदीचं लोणचं केलं तेव्हा बोर्ड पिवळाधमक झाला होता, बाल्कनीच्या उन्हात दोन-तीन सकाळी ठेवला आणि फिकटला.

हा बोर्ड सिंकपाशी गेला गणपतीनंतर, म्हणजे परतीचा पाऊस, मग हिवाळा, उन्हाळा आणि या वर्षीचा अख्खा पावसाळा त्याने काढला. पट्टी ठेवून बघितली, फट जेमतेम नख जाईल न जाईल एवढी. चीर नाही. भोकाच्या आतल्या कडेला ऑगस्टमध्ये दोन काळे ठिपके आले, ते पांढऱ्या व्हिनेगरने पुसून, सुकवून, बारीक पॉलिश पेपर मारून गेले, आणि त्यानंतर मात्र आम्ही टोकांना आणि भोकाला मेणाचं मलम लावलं, प्रयोग पुरे झाला होता. वरचा भाग सुरीच्या रेघांनी भरलाय पण खोल नाहीत, नख अडकत नाही.

रेघा खोल नाहीत याला कारण बांबूचा टणकपणा, आणि त्याची किंमत सुरी भरते. फळ्यांचा टणकपणा मोजायची जांका नावाची पद्धत आहे, त्यात साधा चिकटवलेला बांबू १३०० ते १४०० च्या घरात येतो, म्हणजे परदेशात बोर्डासाठी वापरतात त्या हार्ड मेपलच्या (१४५०) जवळपास, आणि आपलं सागवान १००० च्या थोडं वर. वरून बांबूत सिलिका (वाळूत असतो तो कठीण पदार्थ) असते, गवतच ते. वहिनीला आता सुरीला आधीपेक्षा जास्त वेळा धार लावावी लागते, ही तक्रार खरी आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दादाचा पर्याय प्लास्टिकचा होता. त्यावर एक जुना अभ्यास आहे, अमेरिकेत डीन क्लिव्हर आणि नेसे आक यांचा, १९९४ साली छापून आलेला, त्यात दिसलं होतं की नवं प्लास्टिक हाताने स्वच्छ होतं पण सुरीने ओरबाडलेल्या प्लास्टिकमधले जंतू निघत नाहीत, तर लाकडात शिरलेले जंतू परत वर सहसा येत नाहीत. तो लाकडावरचा अभ्यास आहे, बांबू जसाच्या तसा त्यात बसवू नये. आणि त्याचा अर्थ कच्च्या चिकनला आणि काकडीला एकच बोर्ड चालेल असा तर मुळीच नाही. आत्याचे डबे शाकाहारी, घरचे मासे कोळणीकडूनच कापून येतात, म्हणून हा प्रश्न तिथे फारसा आला नाही, नाहीतर मी कच्च्या मांसासाठी वेगळा प्लास्टिकचा बोर्डच सुचवला असता, गरम पाण्याने खळखळून धुता येतो आणि रेघा पडल्या की बिनधास्त टाकता येतो. स्टीलचे बोर्ड हल्ली सगळीकडे दिसतात, पण त्यावर सुरीची धार फारच लवकर जाते, आणि सकाळी साडेपाचला तो खणखणाट शेजाऱ्यांनी ऐकायचा.

गोंदातल्या फॉर्मल्डिहाइड या अपायकारक रसायनाची भीतीही वहिनीला होती. तिने वाचलं होतं ते बांबूच्या मगांबद्दल, जे खरं तर मेलामाइन प्लास्टिकमध्ये बांबूची भुकटी घालून बनवतात, त्यात गरम चहा-कॉफी ओतली की मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड उतरतं म्हणून युरोपने त्यांच्यावर कारवाई केलीय. ती वस्तूच वेगळी. बोर्डात गोंद फक्त सांध्यात असतो आणि आपण त्यावर उकळतं काही ओतून ठेवत नाही. तरी नवा बोर्ड नाकाला लावून बघावा, केमिकलचा उग्र वास मारत असेल तर दुकानातच ठेवून यावं.

खराब बोर्डाचं काय केलं तेही सांगतो. आधी सावलीत, पंख्याखाली, उभा करून तीन आठवडे. घाईने सुकवला असता तर चीर आणखी वाढली असती. सुकल्यावर वजनातला फरक वीस-पंचवीस ग्रॅमवर आला आणि बाक निम्म्याहून कमी झाला, पूर्ण गेला नाही. ऐंशी नंबरच्या पेपरने घासला, वरचा चिकटपणा गेला, काळे डाग मात्र खोल उतरलेले, फिकट झाले तेवढेच. दादा म्हणाला चिरेत फेविकॉल भरू आणि वापरू. मी नको म्हटलं. पाण्यात राहणाऱ्या वस्तूला साधा फेविकॉल टिकत नाही, आणि चिरेच्या आत ओल आणि भाजीचा रस कायम अडकणार, तिथे घासणी पोचत नाही. खवट वास तर घासूनही राहिला होता. खायच्या कामातून तो काढला, आता शेगडीशेजारी त्यावर गरम कढई टेकवतात, तेवढा बाक कढईला चालतो.

दिवाळीत डबे वाढले म्हणून वहिनीने आणखी एक बोर्ड आणला, यावेळी मला फोटो पाठवून विचारलं. कडेचा फोटो माग, असं मी सांगितलं, कारण वरून सगळे सारखेच दिसतात. कडेवर तीन थर दिसत होते, मधला आडवा टाकलेला, म्हणजे वरच्या-खालच्या थराला रुंदीत फुगताना मधला धरून ठेवतो, आणि खाली चार रबरी पाय, ज्याने ओट्यापासून बोटभर वर राहतो. तोट्याची गोष्ट ही की पाय असल्यामुळे एकच बाजू कापायला मिळते. आत्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला, वजनाला जड आहे म्हणाली, आणि खिळा त्याच्यासाठीही ठोकायला लावला, पण पहिल्या खिळ्याच्या वर, कारण खालच्यावर रोवळी लागते.